विषाणू, इंटरफेरॉन आणि बीटा पेशी: टाइप १ मधुमेहात पहिली फळी नेमकं काय करते?

बेटावरची पेशी

टाइप १ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी संपवते. त्याची चर्चा निघाली की ती लगेच टी पेशी आणि प्रतिपिंडांवर जाते. त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे विषाणू शिरल्यावर जन्मजात प्रतिकारशक्ती जे करते त्यावर, सविस्तर बोलावं म्हणून हा धागा काढतेय.

संशय जुना आहे. १९६९ साली नव्याने मधुमेह झालेल्यांच्या रक्तात कॉक्सॅकी बी४ (एन्टेरोव्हायरस, म्हणजे आतड्यातून शिरणाऱ्या विषाणूंच्या गटातला एक) या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं जास्त सापडली. १९७९ मध्ये कीटोअ‍ॅसिडोसिसने (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होणं) दगावलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून बी४ विषाणू वेगळा काढला गेला, आणि तो उंदरांना टोचल्यावर त्यांची साखर वाढली. तेव्हापासून 'विषाणू बीटा पेशी मारतो' हे चित्र डोक्यात बसलं. मला ते अपुरं वाटतं. माझं म्हणणं असं की विषाणूने मारलेल्या पेशींपेक्षा, विषाणूची वर्दी देत जिवंत राहिलेल्या पेशी जास्त महत्त्वाच्या आहेत.

क्रम असा. कॉक्सॅकी बी विषाणू पेशीत शिरायला 'कार' नावाचा ग्राहक वापरतो. बीटा पेशीत या ग्राहकाचा एक प्रकार चक्क इन्सुलिनच्या कणिकांच्या पटलावर असतो. कणिका इन्सुलिन सोडायला पृष्ठभागाशी जोडली जाते तेव्हा ग्राहकही बाहेर उघडा पडतो. शेजारच्या अल्फा पेशींपेक्षा बीटा पेशी विषाणूला जास्त का बळी पडतात, याचा एक धागा इथे आहे. आत गेल्यावर विषाणूचा आरएनए प्रती काढू लागतो आणि मधल्या अवस्थेत दुपदरी आरएनए तयार होतो. तो पेशीद्रवातला एमडीए-५ हा ग्राहक ओळखतो. पुढे मॅव्हस, टीबीके-१, आयआरएफ-३ या प्रथिनांमधून संदेश जातो आणि शेवटी इंटरफेरॉन बीटा हे विषाणूची वर्दी देणारं प्रथिन बाहेर पडतं. हे इंटरफेरॉन त्याच पेशीच्या आणि शेजारणींच्या ग्राहकाला चिकटतं, जॅक-१ व टीवायके-२ ही एन्झाइमं जागी होतात, स्टॅट-१ व स्टॅट-२ ही संदेशवाहक प्रथिनं केंद्रकात जातात आणि शेकडो जनुकं एकदम चालू होतात.

या जनुकांपैकी एमएक्सए, ओएएस, पीकेआर विषाणूला आवर घालतात. पण त्याच हुकमाने एचएलए क्लास वन (आतले तुकडे टी पेशींना दाखवणारा रेणू) पृष्ठभागावर भरमसाट वाढतो आणि सीएक्ससीएल-१० हे टी पेशींना बोलावणारं प्रथिन बाहेर पडतं. पहिल्यामुळे पेशी आपल्या आतले प्रथिनांचे तुकडे, प्रीप्रोइन्सुलिनचे (इन्सुलिनचं मूळ रूप) सुद्धा, जास्त प्रमाणात दाखवू लागते. दुसऱ्याच्या मागावर त्याचा ग्राहक, सीएक्ससीआर-३, असलेल्या टी पेशी येतात. ज्याच्या अंगात स्वतःच्या इन्सुलिनवर चालून जाणाऱ्या टी पेशी आधीच आहेत, त्याच्यासाठी ही वर्दी महागात पडते.

गुणसूत्र सहा

छान मांडणी. एक भर: वर्दी देणारा एमडीए-५ च का, रिग-आय हा दुसरा आरएनए-ग्राहक का नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. रिग-आय आरएनएच्या पाच-प्राइम (सुरुवातीच्या) टोकावरचा ट्रायफॉस्फेट शोधतो. एन्टेरोव्हायरसच्या त्या टोकाला व्हीपीजी नावाचं छोटं प्रथिन जोडलेलं असतं, त्यामुळे रिग-आयला पकडायला काही उरत नाही. एमडीए-५ ला टोकाशी देणंघेणं नाही, तो लांबलचक दुपदरी आरएनएवर ओळीने बसत जातो. म्हणून या विषाणूकुळाची सगळी भिस्त एमडीए-५ वर. विषाणूलाही हे ठाऊक असल्यासारखं आहे. त्याची २ए आणि ३सी प्रोटिएझ एमडीए-५ व मॅव्हस कापून टाकतात.

जनुकीय पुरावा तर मला सगळ्यात भक्कम वाटतो. एमडीए-५ चं जनुक आयएफआयएच-१. त्याचा टाइप १ मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये दिसला. २००९ मध्ये त्याच जनुकातले दुर्मीळ बदल तपासले गेले, त्यात काही असे होते की प्रथिन अर्धवटच तयार होतं किंवा नीट काम करत नाही. असे बदल असणाऱ्यांना मधुमेहाचा धोका कमी निघाला! उलट ९४६ व्या जागी थ्रिओनीन असलेला जो सर्रास आढळणारा प्रकार आहे, त्यात विषाणू नसतानाही इंटरफेरॉनची पातळी किंचित चढी राहते, आणि धोका वाढतो. टीवायके-२ चीही तीच गोष्ट: ११०४ व्या जागी प्रोलीनऐवजी अ‍ॅलनीन आलं की संदेश मंदावतो आणि धोका घटतो. दोन वेगवेगळी जनुकं, एकाच वाटेवरची, आणि दोन्हींचा कौल एकाच बाजूला.

मूषकशाळा

कौल एकाच बाजूला आहे हे खरं, पण 'इंटरफेरॉन वाईट' इतका सोपा निष्कर्ष काढू नका. उंदरांवरच्या प्रयोगात तो टिकत नाही.

एनओडी (आपोआप मधुमेह होणारी जात) उंदरांच्या फक्त बीटा पेशींत एसओसीएस-१ जास्त बनेल असा बदल केला गेला. एसओसीएस-१ हा इंटरफेरॉनच्या संदेशाचा ब्रेक. म्हणजे या पेशींना इंटरफेरॉन ऐकूच येत नाही. विषाणू नसताना हे उंदीर उलट मधुमेहापासून वाचतात. कॉक्सॅकी बी४ दिला की मात्र त्या प्रयोगातल्या साध्या एनओडींना काही होत नाही आणि यांच्या बीटा पेशी विषाणू व एनके पेशींच्या (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) तावडीत सापडून झपाट्याने संपतात. एकच बदल, दोन उलट परिणाम; फरक विषाणू असण्या-नसण्याचा.

एमडीए-५ चंही तसंच. जनुकाच्या दोन्ही प्रती काढल्या तर कॉक्सॅकी आवाक्याबाहेर जातो. एक प्रत ठेवली तर विषाणूही आटोक्यात येतो आणि मधुमेहही टळतो. दोन्ही प्रती असल्या तर विषाणू जातो, पण पुढे मधुमेहाकडे वाटचाल. मात्रेचा प्रश्न आहे सगळा.

आता उंदीर-घुशींच्या प्रयोगांत नेहमी होणारा घोटाळा सांगतो. एनओडीला विषाणू दिला तर *बहुतेकदा मधुमेह कमी होतो*. एलसीएमव्ही या उंदरांतल्या विषाणूने तो टळतो हे १९८८ पासून माहीत आहे. कॉक्सॅकी बी ने तो लवकर येतो, पण केव्हा? आयलेटमध्ये (स्वादुपिंडातली बीटा व अल्फा पेशींची बेटं) आधीच पुरेशा टी पेशी जमल्या असतील तेव्हा, म्हणजे साधारण आठ आठवड्यांपुढच्या माद्यांत. चार आठवड्यांच्या उंदरात तोच विषाणू संरक्षण देतो. वय आणि टोचण्याच्या दिवशीची इन्सुलायटिसची (आयलेटमधल्या दाहाची) पायरी न लिहिता कोणी 'विषाणूने मधुमेह वाढला' असं म्हटलं तर त्या निकालाचा उपयोग शून्य.

विषाणू बीटा पेशीत न शिरता काय करू शकतो हे पाहायचं तर बीबीडीआर जातीचा उंदीर (मोठा, रॅट) आणि किल्हम रॅट व्हायरस ही जोडी घ्या. हा पार्व्होव्हायरस बीटा पेशींना लागतच नाही. तरी तीसेक टक्के उंदरांना मधुमेह होतो, आणि आधी पॉली आय:सी (कृत्रिम दुपदरी आरएनए) दिलं तर जवळपास सगळ्यांना. वाट टीएलआर-९ या डीएनए-ग्राहकाची: विषाणूचा डीएनए बी पेशी आणि डेंड्रिटिक पेशी ओळखतात, लसिकाग्रंथीत दाह पेटतो, नियामक टी पेशी घटतात. त्याचाच अगदी जवळचा भाऊबंद एच-१ विषाणू मात्र मधुमेह आणत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, त्याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

काचपट्टी

माणसाच्या ऊतीतलं काय दिसतं, आणि ते दिसायला काय काळजी लागते, यावर लिहितो.

२००९ च्या एका मोठ्या पाहणीत नुकताच मधुमेह झालेल्या ७२ तरुण व बालरुग्णांपैकी ४४ जणांच्या आयलेटमध्ये एन्टेरोव्हायरसचं व्हीपी-१ प्रथिन असलेल्या अनेक पेशी दिसल्या. नवजात व बाल कंट्रोलमध्ये (तुलनेसाठी घेतलेले, मधुमेह नसलेले) ५० पैकी ३. नॉर्वेच्या डिव्हिड अभ्यासात निदानानंतर ३ ते ९ आठवड्यांत सहा जिवंत प्रौढांच्या स्वादुपिंडाच्या शेपटीचा तुकडा घेतला होता. सहाही जणांत व्हीपी-१ सापडलं, पण विषाणूचा आरएनए सहापैकी चौघांतच आणि तोही अगदी थोडा. त्या शस्त्रक्रियेत गुंतागुंती झाल्याने अभ्यास सहावर थांबवला गेला. त्यामुळे हे नमुने किती मोलाचे आहेत हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

आता पट्टीवरचं काम. व्हीपी-१ साठी बहुतेक जण ५डी८/१ हा प्रतिपिंडाचा क्लोन वापरतात. *तो जास्त संहत घेतला तर मायटोकॉन्ड्रियातल्या एटीपी सिंथेझ बीटाला आणि क्रिएटिन कायनेझ बी ला सुद्धा चिकटतो.* बीटा पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेली, त्यामुळे खोटा होकार नेमका हवा तिथेच मिळतो. उपाय कंटाळवाणा आहे पण टाळता येत नाही:

आधी संसर्ग दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींच्या गोळ्या, तुमच्या ऊतीइतकाच वेळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, पॅराफिनमध्ये बसवा. मग दुप्पट-दुप्पट विरल करत प्रतिपिंडाची मालिका लावा. संसर्ग नसलेली गोळी पूर्ण शांत होते आणि संसर्ग असलेली अजून ठळक असते, ते विरलीकरण तुमचं. ऊतीच्या छेदासोबत त्याच धावेत ही दोन्ही कंट्रोल आणि आयसोटाइप आयजीजी२ए (त्याच वर्गाचं, पण व्हीपी-१ ला न चिकटणारं प्रतिपिंड) लावा. अँटिजेन रिट्रीव्हलचा (छेदातलं झाकलेलं प्रथिन पुन्हा उघडं करण्याचा) बफर किंवा वेळ बदलली की मालिका पुन्हा पहिल्यापासून. आणि एकट्या व्हीपी-१ वर निकाल देऊ नका. लागूनच्या छेदावर पीकेआर पाहा. व्हीपी-१ असलेल्या पेशीत पीकेआर वाढलेला असेल तर पेशीने खरंच विषाणूची दखल घेतली आहे असं म्हणता येतं.

एचएलए क्लास वनसाठी ईएमआर८-५ हा प्रतिपिंडाचा क्लोन पॅराफिन छेदांवर चांगला चालतो. इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. एका आयलेटमध्ये व्हीपी-१ च्या पेशी मोजक्या, दोन-चार विखुरलेल्या. पण एचएलएचा रंग अख्ख्या आयलेटवर, अल्फा पेशींवरही, कडेपर्यंत गडद आणि एकसारखा. बाहेरच्या पाचकरस पेशींत एकदम फिका. ज्या आयलेटमधल्या बीटा पेशी संपल्या आहेत तिथे हा रंग बहुतेक ओसरलेला असतो. म्हणजे विषाणू काही पेशींत आणि त्याची वर्दी सगळ्या बेटभर. बेटावरची पेशी यांचं म्हणणं इथे डोळ्यांनी दिसतं. १९८७ मध्येच अशा आयलेटमधल्या बीटा पेशींत इंटरफेरॉन अल्फा असल्याचं दाखवलं गेलं होतं, पण त्याकडे बराच काळ कुणी फारसं वळून पाहिलं नाही.

नवशिकी

काचपट्टी, व्हीपी-१ सापडतं पण आरएनए सापडत नाही, हे कसं? प्रथिन आरएनएशिवाय येणार कुठून? मग व्हीपी-१ चे निकालच संशयास्पद नाहीत का?

पिपेट

योग्य शंका आहे. उत्तराचे तीन भाग, आणि तिन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

एक, तुम्ही म्हणता ते. विरलीकरण नीट न केलेले निकाल संशयास्पदच आहेत.

दोन, स्वादुपिंड हे आरएनएसाठी शरीरातलं सगळ्यात वाईट ठिकाण. हा अवयव रायबोन्यूक्लिएझ स्वतःच बनवतो. मृत्यूनंतर तो स्वतःला पचवू लागतो आणि काही तासांतच आरएनएच्या चिंध्या होतात. प्रथिन त्या मानाने टिकतं. तुकडा आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणारा द्रव) टाकायचा तर कुठलीतरी एक बाजू ५ मिलिमीटरपेक्षा पातळ हवी आणि द्रव ऊतीच्या निदान पाचपट. जाड तुकडा टाकला तर बाहेरचा थर वाचतो आणि मधला सडतो. पीसीआरच्या आधी ऊतीच्या अर्कात माहीत असलेल्या प्रमाणात बाहेरचा आरएनए मिसळून तो पूर्ण परत मिळतो का ते पाहा. तो कमी आला तर तुमचा नकार 'विषाणू नाही' असा नसून 'पीसीआर चालला नाही' असा आहे. हे कंट्रोल नसलेला नकार मी मोजत नाही.

तीन, आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत रोचक: कॉक्सॅकी बी चे असे प्रकार आहेत ज्यांच्या जीनोमच्या पाच-प्राइम टोकाचे ७ ते ४९ न्यूक्लिओटाइड गळालेले असतात. ते उंदरांच्या हृदयात पहिल्यांदा नीट दाखवले गेले. हे विषाणू फार हळू वाढतात, पेशी फोडत नाहीत आणि महिनोन्‌महिने राहतात. प्रती इतक्या थोड्या की पीसीआर काठावर. तुमचा प्रायमर टोकालाच बसणारा असेल तर हे हमखास हुकतील. ५' अननुवादित भागाच्या (जीनोमच्या सुरुवातीचा, प्रथिनात न उतरणारा भाग) आतल्या, स्थिर पट्ट्यावर बसणारा घ्या. पण विषाणू इतका मंद असला तरी दुपदरी आरएनए बनतोच, म्हणजे एमडीए-५ ला चुचकारायला तेवढा पुरतो.

टेडी अभ्यासात, जिथे लहान मुलांची विष्ठा महिन्या-महिन्याला तपासली गेली, २०१९ मध्ये हेच वेगळ्या बाजूने दिसलं. एकेका तुटक एन्टेरोव्हायरस संसर्गाचा संबंध लागला नाही. एकाच एन्टेरोव्हायरस बी चा ३० दिवसांहून जास्त काळ उत्सर्ग झालेल्या मुलांत मात्र आयलेटविरुद्धची प्रतिपिंडं जास्त दिसली. त्यामुळे रक्ताचा एखादा नमुना घेऊन विषाणू शोधू नका. रक्तात तो काही दिवस असतो, विष्ठेत कित्येक आठवडे.

बेटावरची पेशी

पिपेट, सुंदर. पेशीसंवर्धनातल्या चुकांवरही लिहाल का? बरेच निष्कर्ष तिथून येतात.

पिपेट

लिहितो. एंडोसी-बीएच१ पेशी (प्रयोगशाळेत वाढवली जाणारी मानवी बीटा पेशींची मालिका) किंवा दात्याचे आयलेट, दोन्हींना लागू.

पॉली आय:सी नुसतं माध्यमात टाकलं तर ते एंडोसोममधल्या टीएलआर-३ या दुसऱ्याच ग्राहकाला भेटतं. एमडीए-५ पेशीद्रवात असतो. तिथे पोचवायचं तर लिपिड वाहकातून द्यावं लागतं. त्यातही लांब साखळीचं, दीड ते आठ किलोबेसचं घ्या. आखूड साखळीचं रिग-आयकडे वळतं. 'पॉली आय:सी दिलं' एवढंच लिहिलेला प्रयोग कोणत्या ग्राहकाचा होता ते कळतच नाही. नुसत्या लिपिडचं कंट्रोलही हवं, कारण काही वाहक स्वतःच पेशींना डिवचतात.

विषाणूचा साठा कच्चा वापरू नका. फुटलेल्या पेशींच्या रसात इंटरफेरॉन आणि सायटोकाइन आधीच असतात. सुक्रोजच्या थरातून सेंट्रिफ्यूज करून घ्या, आणि त्याच साठ्याचा अतिनील किरणांनी मारलेला भाग कंट्रोल म्हणून ठेवा. प्रमाण कमी ठेवा. पेशीमागे दहा विषाणू टाकले तर एक-दोन दिवसांत सगळं फुटतं आणि उरतो फक्त पेशीमृत्यूचा अभ्यास. प्लेकोनारिल हे एन्टेरोव्हायरस रोखणारं औषध कंट्रोल म्हणून वापरायचं असेल तर कॉक्सॅकी बी३ चा नॅन्सी स्ट्रेन घेऊ नका, तो त्याला मुळातच दाद देत नाही.

नुसत्या इंटरफेरॉनचा परिणाम बघायला इंटरफेरॉन अल्फा २००० युनिट प्रति मिलिलिटर ही मात्रा बऱ्याच ठिकाणी वापरतात. स्टॅट-१ चं फॉस्फोरिलीकरण पहिल्या अर्ध्या तासात बघायचं, जनुकांचे संदेश ४ ते २४ तासांत, पृष्ठभागावरचा एचएलए २४ ते ४८ तासांत. एकट्या इंटरफेरॉनने पेशी फारशा मरत नाहीत. सोबत आयएल-१ बीटा हे दाह वाढवणारं सायटोकाइन दिलं की एंडोप्लाझ्मिक जाळ्यावर ताण येतो आणि मरू लागतात.

दात्याच्या आयलेटमध्ये थोडे मॅक्रोफेज राहतातच. कोलॅजिनेझमध्ये एंडोटॉक्सिन असेल तर ते आधीच पेटलेले असतात. आणि मायकोप्लाझ्माची तपासणी नियमाने करा. तो टीएलआर-२ चालू ठेवतो आणि तुमची 'शून्य' पातळी शून्य राहत नाही.

गुणसूत्र सहा

रक्तातल्या इंटरफेरॉनच्या खुणेबद्दल राहिलं. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की जनुकीय धोका असलेल्या मुलांच्या रक्तात टाइप वन इंटरफेरॉनची जनुकं प्रतिपिंडं दिसण्याच्या *आधी* वाढतात आणि नंतर ओसरतात. मोनोसाइटवरचं (एक प्रकारची पांढरी पेशी) सिग्लेक-१ प्रथिन ही त्यातली सोपी खूण. अडचण उघड आहे: साध्या सर्दीनेही ती वाढते. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नमुन्यांशी करायची आणि अलीकडच्या आजारपणाची नोंद नमुन्यासोबत ठेवायची. पॅक्सजीन या आरएनए टिकवणाऱ्या नळीत पूर्ण २.५ मिलिलिटर रक्त, ८ ते १० वेळा हळू उलटी करायची, मग निदान दोन तास खोलीच्या तापमानाला. घाईत थेट गोठवली तर पेशी नीट विरघळत नाहीत आणि आरएनए कमी निघतो.

नवशिकी

खूप स्पष्ट झालं. एक व्यवहारातला प्रश्न. धोका असलेल्या मुलाला संसर्ग झाला की इंटरफेरॉन दाबायचं का?

काचपट्टी

नाही. मूषकशाळा यांनी सांगितलेले एसओसीएस-१ चे उंदीर आठवा. तीव्र संसर्गात तेच पेशीचं चिलखत आहे. उलट बाजूही खरी आहे: हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन अल्फा दिलेल्या काही रुग्णांना टाइप १ मधुमेह झाल्याची नोंद आहे.

उपचारांच्या चाचण्या दोन्ही टोकांनी झाल्या आहेत. डिव्हिड इंटरव्हेन्शन या चाचणीत ६ ते १५ वयाच्या ९६ मुलांना, निदान झाल्या झाल्या, सहा महिने प्लेकोनारिल अधिक रिबाव्हिरिन किंवा प्लासिबो दिलं. वर्षाअखेर सी-पेप्टाइडची (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं त्याची खूण) घट औषधाच्या गटात ११ टक्के, प्लासिबोत २४ टक्के. बॅन्डिट चाचणीत १० ते ३० वयाच्या ९१ जणांपैकी ६० जणांना जॅक रोखणारं बॅरिसिटिनिब, रोज ४ मिलिग्रॅम, ४८ आठवडे दिलं. त्यांचंही सी-पेप्टाइड प्लासिबोपेक्षा चांगलं टिकलं. दोन्ही निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत मधुमेह आधीच झालेला होता आणि इन्सुलिन कुणाचंही बंद करायचं नव्हतं. निरोगी मुलाला सर्दीतापात यातलं काही द्यायला आधार नाही.

आयएल-१ अडवणारी कॅनाकिनुमॅब आणि अ‍ॅनाकिन्रा मात्र नव्याने निदान झालेल्यांत उपयोगी पडली नाहीत. जन्मजात प्रतिकारशक्तीची प्रत्येक तार सारखी नसते.

मूषकशाळा

लस हा तिसरा रस्ता. कॉक्सॅकी बी१ ते बी५ विरुद्धची मृत विषाणूंची लस माणसांत पहिल्या टप्प्यात तपासली गेली आहे आणि तिने निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार झाली. विषाणू आयलेटपर्यंत पोचलाच नाही तर एमडीए-५ ला वर्दी द्यायचं कारणच उरत नाही, मात्रेचा पेच आपोआप सुटतो. मधुमेह टळतो का हे कळायला मात्र धोका असलेल्या बाळांना लस देऊन प्रतिपिंडं येण्याच्या वयापुढे, म्हणजे निदान काही वर्षं, थांबावं लागेल. इन्सुलिनविरुद्धची पहिली प्रतिपिंडं बहुधा पहिल्या दोन वर्षांतच दिसतात, त्यामुळे लस त्याआधी पूर्ण व्हायला हवी.

बेटावरची पेशी

आणि आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला आड येणार नाहीत असं वेळापत्रकही लागेल. बाकी सिग्लेक-१ च्या फ्लो सायटोमेट्रीवर कुणी लिहिणार असेल तर इथेच लिहा, कोणत्या प्रतिपिंडाने आणि रक्त काढल्यापासून किती तासांत पेशी रंगवायच्या हे धरून.